आवणीनंतरची कंबर

कंबर, गुडघा किंवा खांदा दुखणारा माणूस फिजिओथेरपीकडे वळतो की नाही, आणि वळल्यावर व्यायाम टिकवतो की नाही, हे दुखण्याच्या तीव्रतेइतकेच त्या दुखण्याबद्दलच्या त्याच्या समजुतीवर ठरते. अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात भाताच्या आवणीनंतर हे ठळकपणे जाणवते.

चिखलणी झालेल्या खाचरात पाय पोटरीपर्यंत रुतलेले, पाठीवर इरले, डाव्या हातात रोपांची जुडी. उजव्या हाताने दोन-तीन रोपे गाळात खोवत बाई उलट पावली मागे सरकते. कंबर तासन्‌तास वाकलेलीच. पाय रुतलेला असल्याने बाजूला वळायचे तर कमरेलाच पीळ पडतो. बांधावर येऊन ताठ होताना दोन्ही हात मांड्यांवर टेकवावे लागतात. असे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरते. काहींचे मात्र रेंगाळते, आणि तिथे मनाचा भाग सुरू होतो.

दुखले की ‘मणका गेला’ असे वाटते, म्हणून माणूस वाकणे टाळतो. वापर नसल्याने स्नायू दुबळे होतात, मग थोड्या कामानेही जास्त दुखते आणि मूळची भीती खरी वाटू लागते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या चक्राची सविस्तर मांडणी केली. ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नका’ या एका वाक्याने ते चक्र वर्षानुवर्षे फिरत राहते. वास्तविक काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या आढळल्या. झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही.

भीती माणसाला उपचारांपासून दूरच ठेवते असेही नाही. उलट घाबरलेला रुग्ण इंजेक्शन, शेक, पट्टा, मशीन यांसाठी वारंवार येतो. घरी करायचा व्यायाम तेवढा सोडतो. उदासी, चिंता, ‘माझ्याने होणार नाही’ ही भावना, घरच्यांची साथ नसणे आणि व्यायाम करताना वाढणारी वेदना ही व्यायाम सुटण्याची कारणे २०१० च्या एका आढाव्यात नोंदली आहेत. डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्याच्या वाट्याला याखेरीज एसटीची वेळ आणि बुडालेली मजुरीही असते. त्यांना मानसिक कारणे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तपासणीत खाली वाकायला सांगितले की रुग्ण श्वास रोखतो, टेबलाची कड पकडतो आणि अर्ध्यावर थांबतो. निघताना चप्पल घालायला तोच सहज वाकतो. हे ढोंग नव्हे. कमरेकडे लक्ष गेले की भीती जागी होते. ‘सगळे तुमच्या मनात आहे’ असे अशा वेळी ऐकवले, तर रुग्ण पुन्हा फिरकत नाही, आणि त्याचे बरोबरच असते, कारण वेदना खरी असते. जाणता फिजिओथेरपिस्ट आधी कामाची चौकशी करतो. मग खुर्चीवरून उठणे, गुडघे व खुबे दुमडून रिकामी पाटी उचलणे, पाटीत थोडे वजन टाकणे, शेवटी आवणीसारखे वाकणे अशा पायऱ्या लावतो. दर पायरीला काही बिघडले नाही, हा अनुभव समजावणीपेक्षा जास्त काम करतो.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकातच सुरू झाले. आज राजूरकडून वाहत येणाऱ्या प्रवरेच्याच खोऱ्यातल्या लोणीत फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना आवणी आणि डोक्यावरचा भारा यांची बारकाईने ओळख करून द्यायला हवी. पुस्तकातली उदाहरणे बहुतांशी खुर्चीवर बसणाऱ्यांची असतात.

पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पाठदुखीसोबत ताप येणे किंवा वजन घटणे, पडल्यानंतर कंबर दुखणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.