बांधावर पटणारी नवकल्पना

संकल्पना
नवकल्पनेची गोष्ट जाहिरातीहून आणि तांत्रिक अहवालाहून वेगळी असते. जुनी अडचण, केलेला बदल, मोजता येणारा परिणाम आणि आलेला खर्च यांची कार्यकारणाने जोडलेली ती मांडणी असते. तिच्या बळावर उद्योजक भांडवल किंवा विश्वास मागतो. नीरा डाव्या कालव्याच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तिचे दोन वेगळे नमुने आढळतात.

वालचंदनगर : कौशल्याची साखळी
वालचंद हिराचंद यांनी 1930च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभारला. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, बॉयलर, गिअरबॉक्स आणि अग्निबाणांच्या मोटारींची आवरणेही तयार होऊ लागली. ‘साखरेपासून अवकाशापर्यंत’ हे वाक्य आकर्षक आहे, पण एवढ्याने ते पटत नाही. जाड पोलादाला आकार देणे, वेल्डिंगचा जोड निर्दोष राखणे, भांडे दाबाखाली तपासणे ही मधली कौशल्ये सांगितली की झेप वाटणारी गोष्ट पायऱ्यांची होते. चांद्रयान-3 घेऊन 2023 मध्ये निघालेल्या एलव्हीएम-3 अग्निबाणाच्या बूस्टरमध्ये येथील भाग होते. आधीच्या पायऱ्या माहीत असलेल्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही.

बारामती : शेजारचा प्लॉट
येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि मातीतील सेन्सर यांची माहिती एकत्र करून पाणी, खत व कीडनियंत्रणाचा सल्ला मोबाइलवर दिला जातो. 2025च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी हा प्रयोग जगापुढे मांडला आणि इलॉन मस्क यांनी समाजमाध्यमावर दुजोरा दिला. गुंतवणूकदाराला एवढे वजन पुरेसे असेल. शेतकरी मात्र पेऱ्यांची लांबी, कांडीची जाडी आणि एकरी टनेज पाहतो. म्हणून ट्रस्टच्या ‘कृषिक’ प्रदर्शनातील उभ्या पिकांची प्रात्यक्षिके ही या गोष्टीची खरी भाषा ठरते. वाफसा कधी येतो हे ठाऊक असलेल्या माणसाला सेन्सरचा आकडा त्याच शब्दांत सांगितला, तरच तो ओळखीचा वाटतो.

नावाचे बळ किती?
को 86032 हा उसाचा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रातून प्रसारित झाला. त्याला ‘नीरा’ हे या भागाला जवळचे नाव मिळाले, तरी शिवारात तो प्रामुख्याने आकड्यानेच ओळखला जातो. तो पसरला उताऱ्यामुळे आणि खोडव्यामुळे. नामकरणावर खर्ची पडणाऱ्या श्रमांचा विचार करताना हे उदाहरण उपयोगी आहे.

मर्यादा
प्रयोगाच्या प्लॉटमध्ये उत्तम रोपे, ठिबक आणि सेन्सर एकत्र आले, तर वाढलेल्या वजनाचे श्रेय केवळ संगणकाला देता येत नाही. त्यासाठी तोच वाण, तीच लागणीची तारीख आणि तेच ठिबक असलेला, पण सल्ल्याविना वाढवलेला प्लॉट शेजारी हवा. हंगामाचाही प्रश्न आहे : आडसाली उसाची सुरू उसाशी तुलना केली, तर पिकाच्या कालावधीतील फरकच तंत्राचा परिणाम म्हणून गणला जातो. शिवाय उपकरणाची किंमत अनुदानासह सांगितली की अनुदानाविना, यानुसार लहान शेतकऱ्याचा हिशेब पूर्णपणे बदलतो. प्रयोग करणाऱ्या केंद्राच्या शेतात तज्ज्ञ रोज हजर असतात. पाटाच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शेतात सल्ला वेळेवर आला, तरी पाणी वेळेवर येईलच असे नाही.