एकाच लेखणीची दोन पुस्तके

बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची दोन पुस्तके आम्ही नुकतीच पाठोपाठ वाचली. पहिले 'सुलतानाज ड्रीम', १९०५ सालची कल्पित कथा. तिच्यातल्या स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात बसतात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो आणि विद्यापीठे बायका चालवतात. वाचताना आम्ही मनसोक्त हसलो.

दुसरे 'अवरोधबासिनी', १९३१चे. यातले प्रसंग घडलेले आहेत. क्यूल स्टेशनवर गाडी बदलताना एक बेगम बुरख्यात पाय अडकून रुळावर पडल्या. हमाल उचलायला धावले, पण परक्या पुरुषाचा हात लागू नये म्हणून मोलकरणीने त्यांना अडवले. तिला एकटीला त्या उचलवेनात. शेवटी गाडी सुटली आणि बेगम जिवाला मुकल्या. इथे आमचे हसू पार मावळले.

रुकय्या बेगम स्वतः बुरखा वापरत. त्यांचा राग होता तो रूढीला जिवापेक्षा मोठे मानण्यावर. जीव वाचवण्यासाठी कुरआनने निषिद्ध अन्नाचीही सवलत दिली आहे; मग मदतीचा हात कोणत्या आधारावर अडवला?

त्यांनी १९११मध्ये कोलकात्यात ८ मुलींवर शाळा सुरू केली. आज आपल्या मुली शाळेत जातात, अल्हम्दुलिल्लाह! पण दहावी होताच 'कॉलेज लांब आहे' म्हणून घरी बसवलेली मुलगी आपल्याही नात्यात सापडेल. ही पुस्तके आधी तिच्या अब्बांच्या हाती द्यावीत, असे आम्हाला वाटते.