विटाळ, दूषण आणि साठ तुकडे

विटाळ आणि दूषण हे शब्द आपल्याकडे एकाच तोंडाने उच्चारले जातात. विटाळ जन्मावरून ठरतो. दूषण तपासून ठरवावे लागते. ते कसे तपासतात आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हे कळण्यासाठी अमेरिकेतील गोमांसाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१९९३ साली तिथल्या चार राज्यांत ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांतील अर्धेकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेवर माणसे आजारी पडली. चार मुले दगावली. कारण ठरला ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू. तो गुरांच्या आतड्यात राहतो, गुराला त्रास देत नाही. कातडे सोलताना शेणाचा अंश मांसाला लागला की तो मांसावर येतो. त्याच्या विषाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होतात. अखंड तुकड्यावर तो वरच्या वर असतो, भाजताना मरतो. खिमा केला की बाहेरचे आत जाते, आणि अनेक जनावरांचे मांस एकत्र होते. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजावा लागतो.

मग जबाबदार कोण? १९७४ साली तिथल्या न्यायालयाने साल्मोनेला जंतूच्या बाबतीत म्हटले होते की, गृहिणींना शिजवणे कळते. कच्च्या मांसावर इशारा छापण्याची सक्ती सरकारवर करता येणार नाही. म्हणजे कारखान्यातली घाण बाईच्या चुलीवर ढकलली गेली. १९९४ साली कृषिखात्याने भूमिका बदलली. खिम्यात ओ१५७ सापडला तर तो माल भेसळीचा ठरेल असे जाहीर करून नमुने घेणे सुरू केले. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या; त्यांना मनाई हुकूम मिळाला नाही.

२०२३ च्या सुरुवातीपर्यंत सरकारी नमुना घेण्याची रीत अशी होती. खिम्यासाठी काढलेल्या मांसाच्या साठ्यातून ६० तुकडे निवडत आणि प्रत्येकाच्या पृष्ठभागाचा पातळ काप घेत, कारण जंतू तिथेच असतो. हे काप पोषक द्रवात घालून रात्रभर उबेत ठेवत; मूठभर जंतू असले तरी वाढतात. मग जंतूच्या जनुकांचा शोध घेतात. संशय आला तर जंतू वेगळा काढून खात्री करतात. २०१३ पासून सरकारी नमुना घेतलेला असा माल निकाल येईपर्यंत बाजारात सोडता येत नाही.

तरीही साध्या गणिताने या चाचणीची मर्यादा दिसते. शंभरातले पाच तुकडे दूषित असतील, तर साठांत एकही न सापडण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी. पण शंभरात एकच दूषित असेल, तर निम्म्याहून अधिक वेळा तो निसटतो. ‘सापडला नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. म्हणून खरी स्वच्छता कत्तलखान्यातच राखावी लागते: सुरी वारंवार गरम पाण्यात बुडवणे, आतडे फुटू न देणे. मालकाने कामाचा वेग वाढवला की कामगाराच्या हाताला तेवढी उसंत उरत नाही. चाचणी हा त्या व्यवस्थेवरचा पहारा आहे, तिचा पर्याय नाही.

१९२७ साली बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सनातन्यांनी मग शेण आणि गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पाण्यात जंतू नेमके कोणी घातले, हे प्रयोगशाळेला विचारले तर तिचे उत्तर काय येईल, ते सांगायला नको. नमुन्याच्या पिशवीवर क्रमांक असतो, जात नसते.

आपल्या वस्तीतल्या मांसाचा, दुधाचा नमुना कोण घेतो, किती ठिकाणांहून घेतो, निकाल कुणाला दाखवतो, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजेत. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ४० व्या कलमाने ग्राहकालाही फी भरून विकत घेतलेले अन्न तपासून घेण्याचा अधिकार आहे. तो वापरायला वस्तीतल्या माणसाला शिकवणे हेही शिक्षणच आहे.