नायट्रो इंजिन का अडखळतं?
तळेगाव दाभाडे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. मुंबईत नीट जुळवलेली रिमोटची नायट्रो गाडी इथे धूर ओकत अडखळते. हवा विरळ, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच सुईवर इंधन जास्त पडतं. मुख्य सुई किंचित आत फिरवावी. घाई मात्र नको. वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी पडलं की पिस्टन तापून झिजतो.

इंजिन सुरूच होत नसेल, तर आधी ग्लो प्लग काढून, बॅटरीला जोडून पाहावा. १९४० च्या दशकात रे आर्डेन यांनी रूढ केलेल्या या प्लगमध्ये ठिणगी नसते. प्लॅटिनमची तापलेली तार इंधनातलं मिथेनॉल पेटवते. तार नारिंगी उजळली नाही, तर प्लग गेला किंवा बॅटरी उतरली.

मावळातल्या पावसात इंधनाच्या डब्याचं झाकण घट्ट हवंच. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं.