दुकानाची माहिती कोणाकडे आहे? छोट्या धंद्यासाठी ‘इन्फर्मेशन सिस्टिम’



या आठवड्याच्या व्हिडिओत ‘इन्फर्मेशन सिस्टिम’ हा शब्द बऱ्याचदा आला. बॅचमध्ये हा शब्द काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सर, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?” प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा. पहिला प्रश्न, मला कोणता निर्णय घ्यायचा आहे? दुसरा, त्या निर्णयासाठी कोणती माहिती लागते? या दोघांची उत्तरं मिळाली की सॉफ्टवेअर निवडायला अर्धा तास पुरतो. ती नसतील तर महागडं सॉफ्टवेअरही फक्त बिलं छापत बसतं.

व्याख्या, आपल्या भाषेत

बीबीएला आम्हाला चार पायऱ्या शिकवल्या होत्या. नोंद घ्या, ती नीट लावा, योग्य माणसाला योग्य वेळी दाखवा, आणि निकाल बघून पुढची नोंद सुधारा. या चारही पायऱ्या जिथे घडतात तिथे माहिती प्रणाली आहे, मग ती कॉम्प्युटरवर असो किंवा लाल कापडी बांधणीच्या वहीत.

आता ‘स्ट्रॅटेजिक’ म्हणजे काय? आज किती गल्ला झाला हे सांगणारी नोंद रोजच्या कामाची. या महिन्यात कोणता माल पडून आहे हे सांगणारी नोंद व्यवस्थापनाची. आणि पुढच्या वर्षी मी कोणाला, काय विकणार आणि समोरच्या दुकानापेक्षा वेगळा कसा राहणार, हे ठरवायला जी माहिती उपयोगी पडते ती स्ट्रॅटेजिक. नोंद बऱ्याचदा तीच असते. तुम्ही तिला प्रश्न कोणता विचारता, यावर तिची किंमत ठरते.

आपल्याच लोकलमधलं उदाहरण

मुंबईचे डबेवाले बघा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी ते वाढवलं. कोविडच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले दररोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत होते. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली.

त्यांची प्रणाली कुठे आहे? डब्याच्या झाकणावर. मधोमध मोठा आकडा असतो, तो डबा कोणत्या भागात द्यायचा ते सांगतो. कडेला छोटी अक्षरं आणि आकडे असतात. त्यात शेवटी डबा देणाऱ्याचा नंबर, इमारतीचं लघुरूप आणि मजला येतो. रंग आणि खुणेवरून डबा कोणत्या स्टेशनवरून निघाला ते कळतं, म्हणजे रिकामा डबा परत कुठे न्यायचा तेही कळतं.

यात काय लिहिलेलं नाही, तेही बघा. ग्राहकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही, फोन नंबर नाही. डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला फक्त पुढच्या पावलापुरती माहिती लागते. स्टेशनवर लोकल थांबते तेवढ्या वेळात पत्ता वाचायला कोणाला सवड आहे? आकडा दिसला की हात आपोआप चालतो. माहिती थोडी असली तरी चालते, ती निर्णयाच्या जागी डोळ्यासमोर असली पाहिजे. हा पहिला धडा.

दुसरा धडा जरा कडू आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सेवा थांबली. पुढे बऱ्याच ऑफिसांत घरून काम रुळलं आणि डब्यांची संख्या खूप घटली. झाकणावरच्या खुणांत काहीच चूक नव्हती. डबा कुठे जाईल हे त्या खुणा अचूक सांगत होत्या, पण डबा मागवणारा माणूस उद्या ऑफिसला जाईल का, हे सांगणं त्यांचं कामच नव्हतं. म्हणून धंद्यात दोन तऱ्हेची माहिती लागते. काम नीट चाललंय का, हे सांगणारी एक. आणि ग्राहक बदलतोय का, हे सांगणारी दुसरी.

छोटं दुकान आणि मोठी साखळी

ग्राहक बदलतोय का, हे पकडण्यात जपानच्या सेव्हन-इलेव्हनने कमाल केली. त्यांचं जपानमधलं पहिलं दुकान १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात उघडलं. त्याआधी तिथे एका कुटुंबाचं दारूविक्रीचं साधं दुकान होतं. १९८२ पासून कंपनीने दुकानादुकानांत बिलिंगची अशी यंत्रं आणली, जी कोणती वस्तू कधी विकली गेली ते नोंदवत. काही काळ काउंटरवरचा माणूस ग्राहकाचं अंदाजे वयही यंत्रात टाकायचा.

पण ऑर्डर यंत्राने आपोआप टाकायची, असं त्यांनी ठेवलं नाही. दुकानातला माणूस अंदाज बांधायचा. उद्या ऊन कडक आहे, जवळच्या शाळेत कार्यक्रम आहे, तर अमुक माल इतका लागेल. दुसऱ्या दिवशी विक्रीचे आकडे बघून अंदाज तपासायचा. यंत्र आठवण ठेवतं, माणूस परिसर ओळखतो. दोघं मिळून दुकान चालतं.

हे आपल्याला जमणार नाही का? उलट आपल्याला जास्त जमायला हवं. २०११च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांहून जास्त होती. त्या आठ लाखांशी आपल्याला काही करायचं नाही. सिल्व्हर पार्कमधल्या दुकानाला आजूबाजूच्या सोसायट्यांतली तीनशे घरं नीट कळली तरी धंदा उभा राहतो. कोणत्या शाळेला कोणत्या आकाराची वही चालते, कोणत्या क्लासची मुलं संध्याकाळी सहाला सुटतात, हे तुम्हाला उभ्या उभ्या दिसतं. फक्त ते डोक्यात ठेवू नका, कागदावर आणा. डोक्यातलं तुम्ही गावाला गेलात की तुमच्याबरोबर गावाला जातं.

यूपीआय सांगतं ते आणि सांगत नाही ते

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज भाजीवाल्यापासून सगळ्यांकडे क्यूआर कोड आहे. बऱ्याच जणांना वाटतं, चला, आपलं सगळं रेकॉर्ड झालं. नाही हो. स्पीकर सांगतो, “दोनशे चाळीस रुपये प्राप्त हुए.” कशाचे? ते त्याला माहीत नाही. त्या दोनशे चाळीसमध्ये तुम्हाला वीस सुटले की साठ, हेही त्याला माहीत नाही. पैशाची नोंद बँकेकडे आहे, मालाची नोंद तुम्हालाच ठेवायची आहे.

त्याने काय फरक पडतो, ते हिशेबाने बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा दहा हजार रुपये तुम्ही शो-पीसमध्ये घातले. खरेदीवर ४० टक्के नफा, पण सगळा माल विकायला वर्ष लागतं. वर्षाचा नफा ४,००० रुपये. आता तेच दहा हजार वह्या-पेनांत घातले. नफा फक्त १२ टक्के, पण माल वर्षातून आठ वेळा फिरतो. दर फेरीला १,२००, म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये. टक्केवारी बघणारा शो-पीस भरतो. फेऱ्या मोजणारा वह्या भरतो. आणि फेऱ्या मोजायच्या तर खरेदीची तारीख आणि माल संपल्याची तारीख, या दोनच नोंदी लागतात.

‘नाही’ची वही

माझ्या दुकानात काउंटरखाली एक छोटी वही असते. ग्राहकाने काही मागितलं आणि आपल्याकडे नसलं, तर लिहायचं. तारीख, वस्तू, कितव्यांदा. बस. दुकानात काम करणारा मुलगाही लिहितो. महिन्याअखेरीस पाचपेक्षा जास्त वेळा आलेली वस्तू पुढच्या ऑर्डरमध्ये थोडी मागवायची.

ही वही मला कोणत्याही बिलापेक्षा मोलाची वाटते. बिल सांगतं काय विकलं गेलं. जे विकलं जाऊ शकलं असतं, ते बिलात कधीच येत नाही. मोठ्या ऑनलाइन कंपन्या तुम्ही काय शोधलंत पण मिळालं नाही, हे बरोबर टिपतात. आपल्याकडे तर ग्राहक समोर उभा राहून तोंडाने सांगतो. ते वाऱ्यावर का सोडायचं?

माहितीची मालकी

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याच्या ॲपवर माल विकताना ऑर्डर तुम्हाला मिळते, पण ग्राहक कोण, तो पुन्हा कधी येतो, तुमच्याशिवाय कोणाकडून घेतो, यातली बरीचशी माहिती ॲपकडेच राहते. ॲपवर विकू नका असं मी म्हणत नाही. पण धंद्याची सगळी ओळख तिथेच राहिली, तर उद्या कमिशन वाढल्यावर तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही. म्हणून स्वतःची यादी हवी.

यादी ठेवताना तीन गोष्टी पाळा. एक, नंबर विचारून घ्या आणि कशासाठी घेताय ते सांगा. लोकांच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे, आणि कायद्याच्या आधी शेजारधर्म आहे. दोन, ॲपमधला डेटा महिन्यातून एकदा बाहेर काढून दुसरीकडे ठेवा. मोबाईल पडला म्हणून धंदा पडता कामा नये. तीन, रात्री घाईत अंदाजाने आकडे भरू नका. खोटी नोंद कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

या आठवड्याचं काम

नवीन काही विकत घेऊ नका. सगळ्यात जास्त चालणाऱ्या वीस वस्तू निवडा. प्रत्येकीपुढे पाच रकाने आखा: खरेदीची तारीख, नग, खरेदी भाव, विक्री भाव, संपल्याची तारीख. शेजारी ‘नाही’ची वही ठेवा. एक महिना लिहा. धंदा अजून सुरू व्हायचा असेल, तर ज्या भागात दुकान टाकायचंय तिथे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ थांबा आणि कोण, किती वाजता, काय घेऊन जातं ते टिपा. गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधीची ती सगळ्यात स्वस्त माहिती आहे.

महिन्यानंतर त्या पानांना एकच प्रश्न विचारा: पुढचे दहा हजार रुपये कुठे घालू? उत्तर पानांवरूनच निघालं, तर तुमची माहिती प्रणाली चालू झाली. मग सॉफ्टवेअर खुशाल घ्या. त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं, हे तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल.