शेजार आणि प्रकृति

प्रकृतीविषयीं भाषण म्हटलें कीं आहार, व्यायाम, झोंप आणि स्वच्छता हे चार विषय ठरलेलेच. त्यांविषयीं मला आज नवीन कांहीं सांगावयाचें नाहीं. ज्यास आपण माणसांची जोड म्हणतों, तिचाहि शरीराच्या आरोग्याशीं कांहीं संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या वाटेनें घडून येतो, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें ठेवतों. या प्रश्नाचें उत्तर एका शहरानें फार मोठी किंमत देऊन मिळविलें. म्हणून त्या शहरापासूनच आरंभ करूं.

अमेरिकेंतील शिकागो शहर हें थंडीकरितां प्रसिद्ध. १९९५ च्या जुलै महिन्यांत तेथें एकाएकीं उष्णतेची लाट आली आणि १३ तारखेस पारा १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारें ४१ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढला. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या श्रोत्यांस या आंकड्याचें हसूं येईल. परंतु तेथील विटांचीं घरें ऊन धरून ठेवणारीं, हवा दमट, आणि रात्रींहि गारवा नाहीं. त्या थोड्या दिवसांत नेहमींच्या मानानें सातशेंहून अधिक माणसें जास्त मेलीं. शवागारांत जागा पुरेना, म्हणून शीतगृहाच्या मोठ्या मोटारी आणून बाहेर उभ्या कराव्या लागल्या. कित्येक प्रेतें ताब्यांत घ्यावयास कोणीच आलें नाहीं. तीं शेवटीं एकाच लांब चरांत पुरण्यांत आलीं.

पुढें आरोग्यखात्याच्या संशोधकांनीं मेलेल्या माणसांची त्याच वस्तींतील, त्याच वयाच्या, वांचलेल्या माणसांशीं तुलना केली. ती १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. जे आधींच आजारी होते, अंथरुणास खिळलेले होते किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर राहत होते, त्यांस धोका अधिक होता. यांत नवल कांहींच नाहीं. परंतु जे एकटे राहत होते आणि जे दररोज घराबाहेर पडत नव्हते, त्यांसहि धोका अधिक होता. आणि ज्यांस जवळपास मित्र होते किंवा ज्यांचें एखाद्या मंडळांत जाणें-येणें होतें, ते अधिक प्रमाणांत वांचले.

असें कां व्हावें? उष्माघात हा विकारच मोठा कपटी आहे. म्हातारपणीं तहानेची जाणीव मंदावते. शरीर कोरडें पडत असतां पाणी प्यावें असें वाटत नाहीं. शरीराची उष्णता फार चढली म्हणजे मेंदूचें काम बिघडतें, आणि माणूस गोंधळतो, बरळतो, त्यास ग्लानि येते. म्हणजे जें इंद्रिय धोका ओळखावयाचें तेंच निकामी होतें. अशा माणसानें आपला जीव आपण वांचवावा ही अपेक्षाच व्यर्थ आहे. त्याचा चेहरा पाहणारें, त्याचें उत्तर ऐकणारें दुसरें कोणी तरी हवें. स्नेहानें मनास बरें वाटतें हें खरेंच. पण येथें स्नेहाचें काम याहून साधें आहे. तो खोलींत डोकावतो.

एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें या लाटेवर एक ग्रंथ लिहून तो २००२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एकमेकांस लागून असलेल्या दोन वस्त्या निवडल्या आहेत: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोहोंत गरिबी होती आणि एकटे राहणारे वृद्धहि होते. परंतु पहिलींत एक लाख वस्तीमागें सुमारें ४० माणसें मेलीं, तर दुसरींत चारांहूनहि कमी. नॉर्थ लॉनडेलमधील कारखाने मागेंच बंद पडले होते. त्यामागोमाग दुकानें गेलीं, शेजारी गेले, आणि राहिलीं तीं ओसाड आवारें. म्हातारीं माणसें चोराचिलटाच्या भयानें दारें-खिडक्या लावून आंत बसत. साउथ लॉनडेलचे रस्ते गजबजलेले होते. भाजी आणावयास निघालेला म्हातारा थंड दुकानांत घटकाभर बसे. तो दिसला नाहीं तर दुकानदाराच्या तें ध्यानांत येई.

साउथ लॉनडेलचे लोक बहुतेक मेक्सिकन वंशाचे. तेव्हां हा त्यांच्या कुटुंबप्रेमाचा प्रताप असें कोणी म्हणेल. पण नॉर्थ लॉनडेलप्रमाणेंच कृष्णवर्णीयांची असलेली ऑबर्न ग्रेशॅम ही वस्तीहि, तेथील रस्ते आणि दुकानें जिवंत असल्यामुळें, बरीच सुखरूप राहिली. रक्ताचा गुण शोधणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांत स्त्रियाच पुष्कळ होत्या. तरी मृत्यूचें प्रमाण पुरुषांत अधिक पडलें. आपल्याकडील पेन्शनरांनीं याचा थोडा विचार करावा. पुरुषाचे स्नेहसंबंध बहुधा कचेरींतले. कचेरी सुटली कीं तेहि सुटतात. कोणाचें बारसें, कोणाचें आजारपण, हें सगळें ध्यानांत ठेवून जाणें-येणें राखते ती घरची गृहिणी. ती आधीं गेली म्हणजे मागें राहिलेल्या गृहस्थास आपलीं किती माणसें आपलीं नव्हतींच, हें कळून येतें.

आतां कोणी म्हणेल, ही संकटकाळची गोष्ट झाली. कॅलिफोर्नियांतील अलामेडा परगण्यांत १९६५ सालीं सुमारें सात हजार प्रौढ स्त्रीपुरुषांची माहिती घेऊन नऊ वर्षें त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यांत आलें. बर्कमन आणि साइम यांनीं १९७९ सालीं त्याचा निष्कर्ष मांडला. ज्यांचे लागेबांधे अगदीं थोडे, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांच्या मानानें पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट आढळलें. धूम्रपान, मद्यपान, आरंभींची प्रकृति हीं सर्व कारणें हिशेबांत धरूनहि हा संबंध टिकून राहिला.

शरीराच्या आंत काय घडतें, याचा एक प्रयोग पिट्सबर्ग येथील शेल्डन कोहेन यांनीं केला व १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं २७६ निरोगी माणसांच्या नाकांत पडशाच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांस कांहीं दिवस वेगळें ठेवलें. आईबाप, मुलें, शेजारी, सहकारी, मंडळें अशा बारा प्रकारच्या नात्यांपैकीं किती प्रकारांत पंधरवड्यांतून एकदां तरी बोलणें होतें, हें आधींच विचारून घेतलें होतें. माणसांत मिसळणाऱ्यास पडसें अधिक व्हावें असा आपला तर्क. येथें विषाणु सर्वांस सारखाच दिलेला. आणि ज्यांचीं नातीं एक ते तीन प्रकारचींच, त्यांस पडसें होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारच्या नात्यांच्या माणसांहून चौपट ठरला.

यावरून एकत्र कुटुंबाचीं स्तोत्रें गावयास निघणाऱ्यांस मात्र मी थोडें थांबवीन. अमेरिकेंतच ४२ जोडप्यांच्या हातांवर लहानसे फोड आणून ते किती दिवसांत भरतात हें पाहण्यांत आलें. तो निष्कर्ष २००५ सालचा आहे. ज्या पतिपत्नींचें बोलणें कडवटपणाचें, त्यांची जखम भरण्याचा वेग इतरांच्या साठ टक्केच होता. दहा माणसांच्या घरांत जिच्याशीं कोणी नीट बोलत नाहीं, अशी सून आपण सर्वांनीं पाहिली आहे.

आपल्याकडे अहमदाबादेनें २०१० च्या उन्हाळ्यांत शेंकडों माणसें गमावल्यावर २०१३ मध्यें उष्णतेविरुद्ध योजना आंखली आणि पुढें नागपूरनेंहि तो मार्ग धरला. इशारे निघतात, वर्तमानपत्रांत छापून येतात. पण मुलें पुण्यास किंवा परदेशीं गेलेल्या, वरच्या मजल्यावर पडदे ओढून बसलेल्या आजोबांपर्यंत तो इशारा पोंचला कीं नाहीं, हें कोणतीहि कचेरी पाहूं शकत नाहीं. तें जिन्यावरच्या शेजाऱ्यानेंच पाहावयाचें. दुपारीं दार वाजवावें आणि कांहीं तरी साधें विचारावें: आज वार कोणता, जेवण झालें काय. उत्तर असंबद्ध आलें, अंग तापलेलें लागलें, तर त्यांस सावलींत, वाऱ्यावर निजवावें, कपडे सैल करावे, अंगावर गार पाणी शिंपून पंखा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत पाणी घालूं नये. आणि विलंब न लावतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.