२० नाहीतर ७५! मधलं चालत नाही

कसबा बावड्यातल्या पोरांना दोन आकडे कुणी शिकवावे लागत नाहीत, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पावसाळ्यात सकाळी उठलं की आधी हा आकडा बघायचा, मग बाकीचे मेसेज. आज आणखी दोन आकडे सांगायचे आहेत, २० आणि ७५. हे सेंटिमीटरमधले आहेत. पुराशी त्यांचा काय संबंध, ते पुढं येईलच.

कॉलेजच्या, हॉस्टेलच्या नाहीतर कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये लोखंडी कपाटासारखी राखाडी पॅनेलं असतात ना? त्यांच्या मागं किती जागा सोडायची, याचा कायदेशीर नियम आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता, नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आला. पॅनेलच्या पाठीमागं उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त.

पहिल्यांदा वाचल्यावर हे विचित्र वाटतं. २० पेक्षा ४० बरे की! पण नाही. २० सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही. ७५ मध्ये तो सरळ उभा राहतो, वळतो, गडबड झालीच तर बाहेर पळतो. ४० मध्ये मात्र तो आडवा होऊन घुसतो आणि अडकतो. छातीसमोर ४०० व्होल्ट, पाठ भिंतीला. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानं इथं यंत्र मोजलेलंच नाही, माणसाचं अंग मोजलंय. आख्ख्या नियमावलीतला सगळ्यात शहाणा नियम मला हाच वाटतो. त्याला जोडून आणखी एक अट आहे. मागं ७५ च्या वर जागा सोडली, तर टोकाकडून ये-जा करायला १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी.

आणि भिंत म्हणजे नुसती भिंत नसते. कोरडं दिसणारं काँक्रीट आत ओल धरून असतं, त्यामुळं विजेच्या हिशेबात ते जमिनीचाच भाग. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये काँक्रीटची, विटांची, टाइल्सची भिंत सरळ अर्थ झालेली धरतात. ४८० व्होल्टच्या पॅनेलसमोर अशी भिंत आली, की तिथली किमान मोकळी जागा ३ फुटांची साडेतीन फूट होते. आपल्याकडे पॅनेलच्या पुढं किमान १ मीटर.

हा पुढचा मीटरच सगळ्यात जास्त चोरीला जातो. रिकामी जागा दिसली की आपल्याला राहवत नाही. खराटे, मोडके बेंच, गॅदरिंगचे फ्लेक्स, मंडपाचे बांबू, सगळं पॅनेल रूममध्ये. रस्त्यावरच्या डीपीला तर टू-व्हीलर टेकवूनच लावायची असते. एरवी काही होत नाही. पण फ्यूज टाकताना ठिणगी उडाली की वायरमन विचार करून मागं सरकत नाही, त्याचं अंगच मागं उडी घेतं. मागं बेंच असेल तर तो त्याला धडकून परत पॅनेलवरच येतो. (तुमच्या कॉलेजची पॅनेल रूम बघायची झाली तर दारातून, नजरेनंच. स्टीलची टेप घेऊन आत शिरायचं नाही.)

आता चौथरा. ट्रान्सफॉर्मर असो की पॅनेल, खाली काँक्रीटचा चौथरा लागतोच. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तेलासकट टनाच्या आसपास भरतो. नदीकाठची आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता चौथरा ओतला तर दोन-चार पावसाळ्यांत तो कलतो, मग केबलच्या जोडांवर ताण येतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. केबलचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधी टाकायचे. ते विसरलं तर नंतर ब्रेकर लावून चौथरा फोडतात आणि त्या भोकातून उंदीर, साप आत जातात. ट्रान्सफॉर्मरभोवतीची खडीही शोभेची नाही. तिच्यामुळं गवत वाढत नाही, सांडलेलं तेल खाली जिरतं आणि पायाखालचा अडथळा वाढल्यानं अंगातून जाणारा करंट कमी होतो.

हे सगळं पुस्तकात मिळेल. बावड्याचा खरा प्रश्न उंचीचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, म्हणजे धोका पातळीपेक्षा बारा फूट वर. फूटभर चौथऱ्याचं तिथं काय चालणार? मग उपाय एकच, चौथरा उंच करा. बरोबर आहे. पण किती रुंद?

समजा पॅनेल २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर खोल आहे. नुसत्या पॅनेलपुरता चौथरा १.२ चौरस मीटरचा झाला. तो पाच फूट उंच केला, तर पाण्यापासून पॅनेल वाचेल. पण काम करणारा उभा कुठं राहणार? नियमातला तो एक मीटर आता हवेत आहे! माणूस शिडीवर चढून, एका हातानं शिडी धरून फ्यूज काढणार. मागं उडी मारायची वेळ आली तर पाच फूट खाली.

म्हणून माणसाची जागाही पॅनेलच्याच पातळीवर उचलावी लागते. पुढं १ मीटर, मागं ८० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ८०-८० धरले तर ३.६ बाय २.४, म्हणजे साधारण ८.६ चौरस मीटर. सात पट! वर कठडा आणि पायऱ्या वेगळ्या. बजेटच्या मीटिंगमध्ये पहिली कात्री इथंच लागते, कारण ड्रॉइंगवर ही जागा रिकामी दिसते. पैसे कमी असतील तर मागं उघड्या जोडण्या नसलेलं, सगळं काम पुढून करता येणारं पॅनेल घ्यायचं आणि पाठ भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर ठेवायची. मग २ बाय पावणेदोन मीटरमध्ये, म्हणजे साडेतीन चौरस मीटरमध्ये भागतं. पुढच्या मीटरला मात्र हात लावायचा नाही.

बावड्यातच इंजिनिअरिंग करणारे, कळंब्याच्या आयटीआयला जाणारे तुमच्यातले बरेचजण उद्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अशाच एखाद्या ड्रॉइंगवर काम करतील. पॅनेलचा चौकोन काढला की त्याच्यापुढं तुटक रेषेनं दुसरा चौकोन काढा आणि आत लिहा, ‘इथं माणूस उभा राहणार’. चौथऱ्याची उंची लिहिताना ती पॅनेलखाली नाही, या दुसऱ्या चौकोनात लिहा. सिव्हिलवाला फोन करून विचारेलच, एवढं काँक्रीट कशाला?